दादाच्या बाळाची बातमी कळवायचं काम माझ्याकडे आलंय, नीट कसं पार पाडू?

कळवणारी आत्या

दादा-वहिनीचं दुसरं बाळ पुढच्या महिन्यात येईल. भाचीच्या वेळी बातमी कळवण्याचा जो विचका झाला तो वहिनी अजून विसरलेली नाही. ऑपरेशननंतर तिची गुंगी पुरती उतरलीही नव्हती, तोवर कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून मोकळं झालं. आपण आजोबा झालो हे तिच्या बाबांना कळलं ते एका लांबच्या पुतण्याच्या "अभिनंदन काका" या मेसेजवरून. ते कधी त्यावर काही बोलले नाहीत. पण तो मेसेज त्यांनी वहिनीला दाखवला, तेव्हा ती काय समजायचं ते समजली.

म्हणून या वेळी तिने मला समोर बसवून सांगितलं, "वन्सं, बातमीचं खातं तुमच्याकडे. मी हो म्हटल्याशिवाय एक अक्षर बाहेर जाता कामा नये." एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, काहीतरी गळ्यात पडलं.

मी हिशेब लिहिणारी बाई, त्यामुळे यादी एक्सेलमध्ये तयार आहे. नाव, नातं, फोन की मेसेज की कार्ड, कुणी कळवायचं, झालं का. शेवटचा रकाना रंगीत. दादा बघून हसला, आणि हसून झाल्यावर त्याने गुपचूप आपले अकरा मित्र त्यात घातले.

घोडं अडलंय ते पुढे. दोन्हीकडचे आजी-आजोबा एकाच वेळी कसे गाठायचे? एकाला आधी फोन लागला की तो पाच मिनिटांत दुसऱ्याला लावणार, आणि मग "आम्हाला काय, त्यांच्याकडूनच कळलं" हे वर्षभर ऐकायचं. मजकूर आधीच लिहून ठेवावा म्हणते, कारण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नसणार. पण मुलगा की मुलगी माहीत नाही, नाव ठरलेलं नाही, वेळ, वजन काहीच हातात नाही, मग लिहायचं तरी काय? शिवाय दादाला छापील कार्ड हवंच आहे, शंभरेक तरी. फोटो कधीचा घ्यायचा? आणि कार्ड किती उशिरा गेलं तर बरं दिसत नाही? भाची साडेपाच वर्षांची आहे आणि रोज विचारते, "माझं काम काय?" तिलाही काहीतरी खरंखुरं काम द्यायचंय.

एक गोष्ट जरा नाजूक आहे. वहिनीच्या एका जिवलग मैत्रिणीचा दोनदा गर्भपात झालाय. तिला कसं कळवायचं हे वहिनीलाही सुचत नाहीये. न कळवणं तर शक्यच नाही.

आणि हो, आमच्या आत्याआजीला फोनवर ऐकू येत नाही आणि स्मार्टफोनला ती हात लावत नाही. तिचा रकाना अजून कोराच आहे.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी जरा सांगा.


सरळसोट

एवढा व्याप कशाला? बाळ झालं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, स्टेटस ठेवला, विषय संपला. चोवीस तासांत सगळ्यांना कळतं. कार्ड आजकाल बघतंय कोण?


तिघांची आई

सरळसोट, सगळ्यांना कळतं हीच तर त्यांची अडचण आहे! प्रश्न पुन्हा वाचा. कळायला वेळ लागत नाही, कुणाला कुणाकडून कळलं यावर सगळं अडतं.

आत्या, तुमच्या यादीत "कुणी कळवायचं" हा रकाना आहे ना, तोच महत्त्वाचा. बाकीचे रकाने मागेपुढे झाले तरी चालतं. वहिनीच्या आई-बाबांना तुम्ही फोन करायचा नाही, तुमच्या दादाने करायचा. जावयाने स्वतः फोन करून "बाबा, तुम्ही पुन्हा आजोबा झालात" म्हणण्याला जी किंमत आहे ती नणंदेच्या फोनला नाही, रागावू नका. त्याच मिनिटाला तुम्ही तुमच्या आई-बाबांना सांगा. दोन फोन, दोन माणसं, एकच वेळ. त्यातलं कुणी तिथेच बाहेर बसलेलं असेल तर निम्मं काम झालंच.

आता खरी मेख. आजी-आजोबांना "अजून कुणाला सांगू नका" म्हणाल तर ते "हो हो" म्हणतील आणि फोन ठेवताच सांगतील. त्यांचाही इलाज नसतो हो, आनंद पोटात मावत नाही. त्यापेक्षा त्यांना माणसं वाटून द्या: "काका-काकूंना आणि दोन्ही मावश्यांना तुम्हीच सांगा, आम्ही सांगणार नाही." ज्याच्याकडे फोन करायला हक्काची पाच माणसं असतात तो ग्रुपकडे वळत नाही. ग्रुपवर काय टाकायचं आणि कधी, ते तुमच्याकडेच राहतं. आमच्याकडे तिसऱ्याच्या वेळी सासऱ्यांना अशी यादी हातात दिली होती. त्यांनी प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण केली आणि कोण काय म्हणालं तेही लिहिलं. तो कागद माझ्याकडे आहे अजून.

भाचीचं म्हणाल तर, बाहेरच्या कुणाच्याही आधी तिला कळलं पाहिजे. शेजारच्या काकूंनी "भाऊ झाला का गं?" विचारल्यावर कळलं असं होऊ देऊ नका. आणि एक माणूस फक्त तिच्यासाठी राखून ठेवा, ज्याला तीच सांगेल. मला तर आत्याआजीच डोळ्यांसमोर येतात. फोनवर ऐकू येत नाही ना? मग पोरीलाच घेऊन जा त्यांच्याकडे.


पासवर्ड विसरलो

कळवायला ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एक गोष्ट आत्ताच बघा. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. दादाच्या अकरा मित्रांकडे आणि वहिनीच्या ऑफिसमधल्यांकडे तुमचा नंबर असायचं कारण नाही. तुम्ही तुमच्या फोनवरून पाठवाल, समाधानाने झोपाल आणि अर्ध्या लोकांना काहीच गेलेलं नसेल. तेव्हा एक लिस्ट दादाच्या फोनवर करा, एक वहिनीच्या. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. ग्रुपपेक्षा हे बरं, कारण उत्तरं स्वतंत्र येतात आणि ज्याने अभिनंदन केलं नाही तो चारचौघांत दिसत नाही.

फोटोचं: बाळाच्या मनगटावर किंवा पायात ओळखपट्टी असते, तिच्यावर आईचं नाव आणि नंबर असतो. फोटोत ती नको. मागे भिंतीवर खोलीचा नंबर नको. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर बंद करून ठेवा, कारण मूळ फाइल पाठवली की फोटो कुठे काढला तेही सोबत जातं. आणि पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ हे तिन्ही एकत्र कुठल्याही सार्वजनिक पोस्टमध्ये टाकू नका. पुढे आयुष्यभर त्या पोराची ओळख पटवायला हेच विचारलं जाणार आहे.


खिळाजुळारी

आत्याबाई, कार्डाचं माझ्यावर सोडा. माझी हयात छापखान्यात गेली. आधी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले, मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली. आता मुलगा धंदा बघतो आणि मी प्रुफं वाचतो.

पहिलं, घाई नको. बातमी फोनवरून त्याच दिवशी गेलेली असते. कार्ड हातात पडतं तेव्हा ते कुणालाच नवीन नसतं, ते ठेवून द्यायला असतं. महिना-दीड महिन्याने गेलेलं कार्ड अगदी वेळेवरचं. तीन महिन्यांनी गेलं तरी कुणी नाव ठेवत नाही. तोवर बाळाचं नावही ठरलेलं असतं, आणि नाव ठरेपर्यंत छापायला देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बिननावाचं कार्ड दहा वर्षांनी कपाटात सापडलं की लोक एकमेकांना विचारत बसतात, हे कुठलं बाळ?

फोटो पहिल्या दिवसाचा नको. तो घरच्यांसाठी ठेवा. नैसर्गिक बाळंतपणात डोकं जरा लांबुळकं होऊन येतं, डोळे सुजलेले असतात, आणि दोन-तीन दिवसांत बऱ्याच बाळांवर थोडी कावीळ दिसते. आठवडा-दोन आठवड्यांत हे बहुतेक निवळतं. दुसऱ्या आठवड्यात बाळ खूप झोपतं, ती वेळ साधा. खिडकीजवळ, फ्लॅश बंद. उजेड डोक्याच्या बाजूने किंवा कुशीकडून येऊ द्या. पायाकडून आला की नाकाच्या नि गालांच्या सावल्या वरच्या दिशेला पडतात आणि गोजिरवाणं बाळही भेसूर दिसतं. फोटोत काहीतरी बिनसलंय एवढंच लोकांना कळतं, काय ते कळत नाही. तेच असतं ते.

रंगाचं एक. नवजात बाळ मुळात लालसर, आणि छपाईत ती लाली अंमळ वाढतेच. मोबाइलवर छान दिसणारा फोटो कागदावर टोमॅटोसारखा उतरलेला मी पुष्कळदा बघितलाय. शंका असेल तर सरळ कृष्णधवल करा, लाली नाही नि पिवळेपणाही नाही.

फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा. ए-६ म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड पोस्टात सोयीचं पडतं. पूर्ण कार्डभर फोटो हवा तर निदान १२४० बाय १७४८ पिक्सेलचा लागतो, वर कापण्यासाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा. पाकीट सी-६ मागा, त्यात ते बरोबर बसतं. कागद २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि मागची बाजू बिनचकाकीची. प्रत्येक कार्डावर दोन शब्द हाताने लिहायला जागा ठेवा, आणि चकचकीत कागदावर पेनची शाई बोटाने पुसते.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, प्रुफ. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून देणार, डिझाइनवाला तो त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ओतणार, आणि तिथे पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर उडी मारते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, "ऱ्या"चा पाय मोडतो. म्हणून स्क्रीनवर प्रुफ पास करायचं नाही. अंतिम फाइलमध्ये अक्षरांचे आकार करून घ्या, म्हणजे अक्षरं टाइप केलेली न राहता चित्रासारखी होतात, मग फॉन्ट बदलायची भीती राहत नाही, आणि मग कागदावर एक प्रत काढून बघा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अक्षरावर बोट ठेवायचं. बाळाच्या आई-बापाला प्रुफ दाखवा जरूर, पण त्यांच्यावर विसंबू नका. त्यांची झोप झालेली नसते. एका कार्डावर वजनातला दशांशाचा ठिपका फोटोच्या काळ्या भागात लपला आणि बाळ २९ किलोचं झालं होतं. आईनेही पास केलं, बापानेही. आजोबांनी पकडलं. वर म्हणतात, "राहू द्या हो, आमच्याकडे सगळे दणकटच."

वजनाचं तसंही माझं मत, कार्डावर नसलं तरी चालतं.


लवकर आलेला

खिळाजुळारी काकांनी वजनाचं म्हटलं म्हणून लिहितेय. (नाव माझ्या मुलावरून घेतलंय, मी त्याची आई.)

तो ३३व्या आठवड्यात आला, १ किलो ८०० ग्रॅमचा. आत्या, तुम्हाला याची गरज पडू नये, पण तुमच्या एक्सेलमध्ये एक वेगळी शीट करून त्यात दुसरा मसुदा ठेवाच. बाळ लवकर आलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, किंवा आईलाच त्रास झाला, तर त्या क्षणी नवं वाक्य सुचत नाही. आमच्याकडे मसुदा एकच होता, आनंदाचा. त्यात "आई व बाळ सुखरूप" आधीच टाइप केलेलं. तो तर पाठवता येईना, म्हणून मग कुणालाच काही पाठवलं नाही, आणि लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावले.

शेवटी माझ्या बहिणीने मोजक्या माणसांना लिहिलं, ते साधारण असं: "बाळ आलंय. अपेक्षेपेक्षा लवकर आलंय, म्हणून अतिदक्षता विभागात आहे. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. आईबाबांना फोन करू नका, काही विचारायचं असेल तर मला विचारा. नवीन काही असलं की मीच सांगेन." हे "मला विचारा" फार उपयोगी पडलं. रोज तीस जणांना तेच तेच सांगण्यातून आम्ही सुटलो.

पण एक वाक्य त्यात हवं होतं. आम्हाला कुणी अभिनंदन केलंच नाही. सगळे "होईल ठीक", "धीर धर", "काळजी घे". लोकांचं चुकलं असं मी म्हणत नाही, अशा वेळी अभिनंदन करावं की नाही हे कुणालाच कळत नाही. फक्त कॉलेजमधल्या एका मैत्रिणीने लिहिलं, "अगं आई झालीस! नाक कुणासारखं आहे?" त्या सगळ्या मेसेजांमध्ये मी पहिलं उत्तर तिला दिलं. नाक नळीच्या चिकटपट्टीखाली झाकलेलं होतं, मला स्वतःलाच दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नर्सने पट्टी बदलली तेव्हा आधी नाक बघितलं आणि तिला कळवलं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या मसुद्यात एवढं जरूर घाला: अभिनंदन केलेलं आवडेल, फोन मात्र नको.

कार्ड आम्ही तो घरी आल्यावर केलं. त्यावर दोन तारखा छापल्या, जन्माची आणि घरी आला त्या दिवसाची. वजन छापलं नाही. ते बघून कुणी "बापरे" म्हणावं असं मला नको होतं.

आणि कुठलाही मसुदा असो, तब्येतीची ओळ आधी भरून ठेवू नका. डॉक्टरांशी बोलून झाल्यावर लिहायची.


सरळसोट

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागचं मागे घेतो, कार्ड सोडून.


नाव नको

मैत्रिणीबद्दल मी लिहू शकते, कारण त्या जागी मी होते.

तिला फोन नको. फोनवर त्याच सेकंदाला आनंदाचा आवाज काढावा लागतो, आणि आनंद खरा असला तरी आवाज निघत नाही. मेसेज करा, पण तो वहिनीच्या नंबरवरून, वहिनीच्या शब्दांत. आत्या, हे एक नाव तुमच्या यादीतून काढून टाका, ते तुमचं काम नाही. ग्रुपवर जायच्या आधी तासभर तरी तो तिला मिळावा, म्हणजे इतरांचा जल्लोष सुरू होईल तेव्हा तिचं काय ते रडून किंवा हसून झालेलं असेल. पहिल्या मेसेजला फोटो जोडू नका. "तुझं झालं तेही मला आठवतंय" असं लांबण लावू नका. मला आलेला मेसेज तीन ओळींचा होता: बाळ आलं, मी बरी आहे, तुला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं, उत्तराची घाई नाही. मी उत्तर चौथ्या दिवशी दिलं. तिने मधे एकदाही "पाहिलंस का" विचारलं नाही.

अजून वेळ हातात आहे, तर त्याहून सोपं एक करता येईल. वहिनींनी तिला आत्ताच विचारावं, "तुला कसं कळवू?" विचारायला जड जाईल, पण सांगायला तिला जड जाणार नाही, माझ्यावरून सांगते. बाळ येणार हे तिला माहीतच आहे. रोज त्याच विचाराला टाळत असणार ती.

कार्ड तिलाही पाठवा. माझं मी कितीतरी दिवस पाकिटातून काढलं नाही. पण आमच्या गटातल्या सगळ्यांना आलं आणि मला वगळलं असतं, तर ते जास्त लागलं असतं.


कळवणारी आत्या

सगळ्यांना एकदमच उत्तर देते, कारण मधे दोन दिवस वर्षअखेरीच्या हिशेबात गेले.

"नाव नको" यांचं वहिनीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फोन घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "तिला मेसेजच हवाय, आणि फोटो ती मागेल तेव्हा." यादीतून नाव काढलंय.

आजी-आजोबांच्या फोनचं ठरलं, दादा तिकडे आणि मी इकडे. दोन्ही घरांना प्रत्येकी आठ माणसांची यादी. आमचे बाबा म्हणाले, "आठच?" आता बारा केलीत.

ब्रॉडकास्टचं वाचून मी हबकलेच. मी आपली माझ्याच फोनवर लिस्ट करून बसले होते! आता त्यांच्या फोनवर केल्यात. दुसऱ्या शीटचा मसुदाही लिहिलाय, वहिनीला दाखवलाय, दादाला नाही. त्याला तेवढं बघवणार नाही.

पहिला मसुदा खाली देते. मुलगा-मुलगी दोन वेगळे मजकूर केले होते, पण घाईत भलताच जायची भीती वाटली. म्हणून सगळं "बाळ" धरून लिहिलंय आणि ते एकच ठिकाण रिकामं ठेवलंय.

"आमच्याकडे बाळ आलं आहे! आज (वेळ) वाजता. (मुलगा/मुलगी) आहे. (तब्येतीची ओळ, डॉक्टरांशी बोलल्यावर.) बाळाची ताई भेटून आली आहे. नाव ठरलं की कळवू. मेसेज जरूर करा, फोन मात्र दोन-तीन दिवसांनी. भेटायला कधी यायचं ते आम्ही सांगू. फोटो कृपया पुढे पाठवू नये."

काही खटकतंय का?


तिघांची आई

छान आहे. "ताई भेटून आली आहे" हे खरोखर भेटून आल्यावरच पाठवा म्हणजे झालं. आणि "पुढे पाठवू नये" हे फोटोच्या आधी येऊ द्या. लोक फोटो आधी बघतात, फॉरवर्ड करतात, मजकूर नंतर वाचतात. मी तर मजकूर पाठवून फोटो संध्याकाळी देईन.


खिळाजुळारी

"आज" काढा. मेसेज काहीजण दुसऱ्या दिवशी उघडतात, आणि परदेशात तर त्या क्षणी तारीखच वेगळी असू शकते. मग एकाच बाळाच्या तीन जन्मतारखा फिरतात आणि पुढे वर्षानुवर्षं चुकीच्या दिवशी शुभेच्छा येतात. तारीख आकड्यात लिहा. बाळ रात्री बाराच्या आगेमागे झालं तर दवाखान्याच्या कागदावर जी तारीख आहे तीच धरा, आपल्या घड्याळावर जाऊ नका.


लवकर आलेला

भेटायला येण्याच्या ओळीत एवढी भर घाला: सर्दी, खोकला, ताप असेल तर बरे होऊन या, आणि बाळाचा पापा घेऊ नका. ओठावर फोड येणाऱ्यांकडून नवजात बाळाला जो संसर्ग होतो तो जिवावर बेतू शकतो, आणि हे समोर आलेल्या माणसाला तोंडावर सांगणं बाळंतिणीला जमत नाही. मेसेजमध्ये सगळ्यांना सरसकट गेलं की कुणालाच लागत नाही.


कळवणारी आत्या

तिन्ही बदल केले. पाप्याची ओळ वाचून आई म्हणाली, "आजीलासुद्धा?" तिलासुद्धा.

आता कार्डाचं. भाचीला विचारलं, कार्डावर फोटोऐवजी तू काढलेलं चित्र छापलं तर? ती लगेच तयार. मग आत्याआजीकडे पहिलं कार्ड घेऊन तीच जाईल आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेली ओळ तीच वाचून दाखवेल. पण एक अट घातलीय: बाळ बघितल्याशिवाय ती चित्र काढणार नाही. "मला काय माहीत ते कसं दिसतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका, लहान मुलाचं चित्र छपाईत नीट उतरतं का? आणि चित्र उशिरा मिळालं तर कार्डाला किती दिवस लागतील?


खिळाजुळारी

पोर शहाणी आहे. चित्र फोटोपेक्षा सोपं, लाली-पिवळेपणाची भानगड नाही. फक्त पेन्सिलने काढू देऊ नका, स्कॅनमध्ये ती पुसट येते. स्केचपेन किंवा क्रेयॉन, रेघा नसलेला पांढरा कागद, आणि कडेला बोटभर जागा सोडायला सांगा, नाहीतर कापताना बाळाचे पाय जातात. स्कॅन ३०० डीपीआयवर, मोबाइलने फोटो काढून नको, एका कोपऱ्यात हाताची सावली पडतेच. तीन-चार चित्रं काढून घ्या आणि कुठलं छापायचं ते तिला निवडू द्या. तिने निवडलेलं तुम्हाला आवडणार नाही, तरी तेच छापा. आत्याआजींच्या कार्डावरची ओळ जाड काळ्या पेनने, बोटभर उंचीच्या अक्षरांत.

चित्र आणि नाव हातात आलं की पुढचं काम आठवड्याचंही नाही. मात्र पाकिटं आत्ताच आणा आणि पत्तेही आत्ताच घाला. अकरा मित्रांचे पत्ते दादाला विचारा, त्याच्याकडे नसणार, तो मेसेज करून मागवेल, त्यातले चार जुने निघतील. हे सगळं बाळ यायच्या आधी उरकलेलं बरं.